पांदणवाटेवरची रपेट आणि कोवळ्या घोड्यावरून पडणे

पांदणवाट (ता. काटोल)

आमच्या काटोल–वरूड पट्ट्यातील संत्रा बागाईतदारांमध्ये हौसेखातर घोडा बाळगण्याची आवड अलीकडे बरीच वाढली आहे. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, पाठोपाठ मार्गशीर्षातच नांदेडकडे माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, आणि तिथून टेम्पोत चढून आलेली जनावरे थोड्याच दिवसांत आमच्या पांदण रस्त्यांवर, म्हणजे शेतांमधल्या अरुंद वाटांवर, दिसू लागतात. त्यांतील बरीचशी कोवळी असतात, कारण शिकवलेला, सहा-सात वर्षांचा शांत घोडा महाग पडतो आणि मालक तो सहजासहजी हातचा सोडत नाही. कोवळा घोडा उंच दिसतो, देखणा असतो, त्या मानाने स्वस्त मिळतो, आणि विकणारा 'एकदम गरीब जनावर आहे, लेकरूही बसेल' असे सांगून मोकळा होतो.

हीच जनावरे घराच्या आवारात आणि गावच्या सडकेवर खरोखर गरीब वागतात. पडापडी होते ती पांदणीत. शेजारच्या एका तरुणाला पडताना मी जवळून पाहिले, म्हणून ते जरा तपशिलाने लिहितो. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची तूर होती आणि रानडुकरांनी आत शिरू नये म्हणून धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) जुन्या साड्या बांधलेल्या होत्या. वारा पडलेला होता तोवर घोडा चालत होता. एका वळणावर साडीचा पदर फडफडला. घोड्याचे दोन्ही कान पुढे ताठ झाले, मान वर गेली, पाठ लाकडासारखी घट्ट झाली आणि तो जागच्या जागी थबकला. त्या क्षणी वर बसलेल्याने टाच मारली. घोडा एका झेपेत चार हात डावीकडे सरकला आणि स्वार होता तिथेच हवेत राहिला. मनगट मोडले. संध्याकाळपर्यंत गावात 'घोडा खुनशी आहे' असा निकाल लागला आणि आठवडाभरात जनावर पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेले.

माझे मत असे आहे की अशा प्रसंगी दोष ना घोड्याच्या स्वभावाचा असतो ना स्वाराच्या नशिबाचा. जनावराला ज्या वाटेची ओळखच करून दिलेली नाही त्या वाटेवर त्याला पाठीवर ओझे देऊन एकटे नेले जाते, तिथे घोडे पेंड खाते. घोडा नेमका कोणत्या वयाला पाठीवर माणूस घेऊन शेतवाटेने नेण्याजोगा होतो, त्याआधी त्याच्याकडून काय करवून घ्यावे, आणि इतके करूनही पडण्याची वेळ आलीच तर काय करावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

चाबूकस्वाराचा नातू (अचलपूर)

पांदणवाट भाऊ, विषय काढलात ते बरे केले. आमच्याकडे घोडी फिरवण्याचे काम आजोबांपासून चालत आले आहे, त्यामुळे वयापासूनच सुरुवात करतो.

विकणाऱ्याच्या तोंडाकडे न पाहता घोड्याच्या तोंडात पाहावे. समोरच्या दातांतील मधली जोडी साधारण अडीच वर्षांच्या वयात बदलते, तिच्या शेजारची जोडी साडेतीनच्या सुमारास आणि कडेची जोडी साडेचारच्या सुमारास बदलते. पाच वर्षांचा घोडा तोंडाने पूर्ण झालेला असतो. दुधाचा दात लहान, पांढराशुभ्र आणि हिरडीजवळ आवळलेला दिसतो, तर पक्का दात रुंद, थोडा पिवळसर आणि उभ्या रेघांचा असतो. 'चार वर्षांचा' म्हणून विकलेल्या घोड्याच्या कडेच्या जोड्या आणि त्यांच्या शेजारच्या जोड्याही दुधाच्याच निघाल्या, तर तो साडेतीनच्या आतला आहे, हे उघड झाले. उंचीवर जाऊ नये. मारवाडी आणि काठियावाडी रक्ताची जनावरे लवकर उंच होतात, पण उंची आली म्हणजे समज आली असे होत नाही.

आमच्या घरची रीत अशी आहे की ज्या वाटेने पुढे रपेट करायची, त्याच वाटेने घोड्याला आधी मोरकी (डोक्याला बांधायचा दोराचा पट्टा) घालून, हातात दोर धरून, पायी न्यायचे. धुरा, नाला, विहिरीवरचा पंप, कापूस भरलेली ट्रॉली, डोक्यावर पांढरे गाठोडे घेऊन येणाऱ्या वेचणाऱ्या बाया, हे सगळे त्याने तुमच्या खांद्याशी उभे राहून पाहिलेले असले पाहिजे. त्यानंतर लांब दोरीवर दोन्ही बाजूंना गोल फिरवणे, मग रिकामे खोगीर घालून त्याच वाटेने चालवणे, मग माणूस वर बसवून दुसऱ्याने तोंडाशी चालणे. हे सगळे झाल्यावर जाणता घोडा पुढे घालून त्याच्या मागे न्यावे. काही दिवसांनी बरोबरीने, नंतर पुढे, आणि सर्वांत शेवटी एकटे. यांतली कोणतीही पायरी घोड्याला जमेपर्यंत पुढची घेऊ नये, आणि एखाद्या दिवशी बिघडलीच तर बिनदिक्कत एक पायरी मागे यावे. घाई झाली की हिशेब पांदणीतच चुकता होतो.

आणखी एक गोष्ट मी फार ठिकाणी पाहतो. जाताना घोडा चालत नेतात आणि घर दिसू लागले की पळवतात. असे चार वेळा झाले की घराकडे तोंड फिरले म्हणजे सुटायचे, हे घोडा शिकतो, आणि मग त्याला आवरता आवरता स्वार कुठेतरी खाली येतो. परतीची वाट नेहमी चालतच काढावी. दारात आल्यावरही लगेच खोगीर उतरवू नये, थोडे फिरवून मग उतरवावे.

शिलेदार आर्वीचा

सगळ्यांचा मान ठेवून लिहितो, पण इतकी काळजी करत बसलो तर घोड्यावर बसायचे कधी? पूर्वीचे लोक दोन वर्षांच्या घोड्यावर खोगीर टाकत होते. पडल्याशिवाय कोणी स्वार झालेला नाही. जो घाबरतो त्याची भीती घोड्याला खालून कळते आणि मग घोडा त्याला पाडतोच. टाच घट्ट, लगाम घट्ट, आणि मन घट्ट असले की पुरते.

गुरांचा डॉक्टर (यवतमाळ जिल्हा)

शिलेदार, तुमच्या 'लगाम घट्ट' या शब्दांपाशीच थांबतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या कोवळ्या घोड्यांची बरीचशी दुखणी तोंडातच सापडतात. वर सांगितल्याप्रमाणे अडीच ते साडेचार-पाच वर्षांच्या काळात घोड्याचे दात सतत बदलत असतात. दाढांवरची दुधाची टोपणे सुटताना हिरड्या सुजतात, आणि काही जनावरांना दाढांच्या अगदी पुढे, नेमकी लोखंडाची कडी बसते त्या जागी, एक लहानसा अणकुचीदार दात असतो. अशा तोंडात लगाम ओढला की घोडा डोके झटकतो, मान वर फेकतो किंवा मागच्या पायांवर उभा राहतो, आणि मालक त्याला अडेलपणा समजून आणखी ओढतो. अडीच-तीन वर्षांच्या घोड्याला तोंडात लोखंड देण्यापूर्वी एकदा पशुवैद्याकडून तोंड तपासून घ्यावे.

काटेरी लगामाविषयी तर स्पष्टच सांगतो. यात्रेत तो राजरोस टांगलेला दिसतो म्हणून तो चालतो असे कोणी समजू नये. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसंबंधी १९६५ साली केंद्राने केलेल्या क्रूरता प्रतिबंधक नियमांत काटे किंवा टोके असलेला लगाम वापरण्यास, स्वारीसाठी असला तरी, सक्त मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहारातही तो निरुपयोगी आहे, कारण वेदनेने बिथरलेला घोडा थांबत नाही. तो वेदनेपासून दूर पळू पाहतो आणि वेदना तर त्याच्या तोंडातच असते.

हाडांबद्दल. पायांच्या खालच्या भागातील हाडांची वाढ लवकर पुरी होते, गुडघ्याच्या वरची त्यानंतर, आणि पाठीच्या मणक्यांची सर्वांत शेवटी, म्हणजे पाच वर्षांच्याही पुढे. ज्या भागावर आपण बसतो तोच भाग सर्वांत उशिरा पक्का होतो, हे लक्षात घेतले पाहिजे. पूर्ण वाढलेल्या घोड्यानेही खोगिरासह आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या भागापेक्षा जास्त ओझे वाहू नये असा ठोकताळा आहे. आपल्याकडील मारवाडी बांध्याचा घोडा साडेतीनशे ते चारशे किलोंच्या आसपास भरतो, म्हणजे पूर्ण वाढलेल्याला सत्तर-ऐंशी किलो आणि तेही खोगीर धरून. तीन वर्षांच्या जनावरावर नव्वद किलोंचा माणूस वजनदार खोगिरासह बसला आणि घोड्याने पाठ उचलून त्याला फेकले, तर मी घोड्याची बाजू घेईन.

खोगीर खांद्याच्या पात्यावर पुढे सरकलेले असणे, तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) एकाच दमात आवळणे, खोगिराखालच्या गादीत गोखरू किंवा कुसळे राहणे, ही पाठ उचलण्याची नेहमीची कारणे आहेत. तंग थोडा आवळावा, घोड्याला चार पावले चालवावे, पुन्हा आवळावा, आणि बसण्यापूर्वी शेवटचा एकदा पाहावा. खोगीर काढल्यावर पाठीवरून बोटे दाबत न्यावीत; एखाद्या ठिकाणी घोडा पाठ खाली चोरत असेल तर ती जागा दुखते आहे.

खुराकाचेही तेच. दिवसभर दावणीला बांधलेला, ज्वारीचा कडबा आणि हरभऱ्याचे कुटार यांवर भिजवलेला चणा भरपूर मिळणारा कोवळा घोडा डिसेंबरच्या थंडीत पहाटे बाहेर काढला, तर तो उड्या मारणारच. काम नसेल त्या दिवशी चणा कमी करावा, आणि बसण्यापूर्वी त्याला मोकळे सोडून किंवा दोरीवर फिरवून अंग मोकळे करू द्यावे.

वरातवाला (मूर्तिजापूर)

आमच्याकडे लग्नाच्या घोड्या आहेत. लोक येतात आणि म्हणतात की तुमची घोडी बँडला, फटाक्यांना, डीजेला घाबरत नाही, तर ती आम्हाला शेतात फिरायला विका. मी त्यांना सांगतो की ती घाबरत नाही कारण तिच्या तोंडाशी माझा माणूस असतो, बाजूला दुसरी घोडी असते आणि तो गोंगाट तिच्या रोजच्या ओळखीचा असतो. तीच घोडी एकटी शांत पांदणीत नेली की तुरीतून फुर्रकन उडालेल्या तित्तराने तिची दाणादाण उडते. नाचायला शिकवलेल्या काही जनावरांना तर लगाम ओढला आणि टाच लागली की पुढचे पाय उचलण्याची सवय लावलेली असते. नवख्या माणसाने भीतीने नेमके हेच दोन्ही एकदम केले की घोडी तिला शिकवलेले काम करते आणि माणूस शेपटीकडून उतरतो. विकत घेताना तिला कोणत्या खुणांवर काय शिकवले आहे, ते मालकाकडून करवून पाहावे. आमच्यातले सगळेच हे आपणहून सांगत नाहीत.

पांदणवाट (ता. काटोल)

वरातवाले भाऊ, हा मुद्दा माझ्या ध्यानातही आला नव्हता. आमच्याकडे आलेल्यांपैकी एक घोडी थांबवायला गेले की पुढून उचलते. तिचे कोडे आता उलगडते आहे.

साड्यांचे काय करावे, हेही कोणी सांगावे. आमच्या शिवारात साड्या नाहीत असा धुरा सापडणे कठीण आहे.

रपेट शिकवणारी (नागपूर)

साडीसाठी घोड्याला साडीपाशी ओढून नेऊ नये. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते. फक्त कपाळाच्या अगदी समोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग दिसत नाही. लगाम आखडून तोंड छातीशी आणले की समोरचे नीट न्याहाळता येत नाही आणि भीती वाढते. लगाम सैल सोडून त्याला लांबून पाहू द्यावे, वास घेऊ द्यावा, आणि शक्य असल्यास आपण उतरून त्याच्या व साडीच्या मध्ये चालावे. उतरण्यात कमीपणा नाही. परत येताना तीच साडी त्याला दुसऱ्या बाजूने दिसते आणि नवी वाटते, म्हणून 'आत्ता तर पाहिली होतीस' असे म्हणून त्याच्यावर चिडू नये. घरी मोकळ्या आवारात, जिथे त्याला हवे तेवढे लांब सरकता येईल अशा ठिकाणी, कुंपणाला एक साडी काही आठवडे बांधून ठेवली तरी बरेच काम होते.

आता बसण्याविषयी. शिलेदार दादा म्हणतात तसे 'सगळे घट्ट' हेच माझ्याकडे येणाऱ्या तरुणांचे मूळ दुखणे असते. गुडघ्यांनी घोडा आवळला की बूड वर उचलले जाते आणि घोडा बाजूला सरकताच माणूस उडतो. वजन बुडावर आणि खाली टाचेत हवे, पाठ सरळ पण मोकळी हवी, नजर घोड्याच्या कानांमधून पुढच्या वाटेवर हवी. ज्याची नजर खाली जमिनीवर असते तो जमिनीवरच जातो. कोवळ्या घोड्याच्या मानेभोवती एक सैल चामडी पट्टा घालावा आणि तो अचानक उडाला तर लगामाऐवजी पट्टा धरावा, म्हणजे आपला तोल त्याच्या तोंडावर जात नाही.

घोड्याने डोके खाली घालून पाठ उचलायला सुरुवात केली, तर त्याचे डोके वर आणून त्याला पुढे चालते करावे, कारण डोके वर असताना त्याला जोराने पाठ उचलता येत नाही. तो मागच्या पायांवर उभा राहिला, तर उलट करायचे: लगाम पूर्ण सैल, आपण पुढे मानेशी वाकायचे, आणि काहीही झाले तरी मागे ओढायचे नाही. त्या वेळी लगाम ओढणारा माणूस घोड्याला स्वतःच्या अंगावर पाडून घेतो, आणि हा पडण्याचा सर्वांत वाईट प्रकार आहे.

उधळण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. दोन्ही लगाम एकसारखे ओढत राहिल्याने उधळलेला घोडा थांबत नाही. तो त्या ओढीवर रेलून पळतो. पहिल्या दोन-चार ढांगांतच एक हात स्थिर ठेवून दुसऱ्या लगामाने त्याचे तोंड आपल्या गुडघ्याकडे वळवावे, म्हणजे मागचा भाग फिरतो आणि जोर तुटतो. घोडा एकदा पूर्ण वेगात आला, की अरुंद पांदणीत असे तोंड खसकन फिरवू नये, कारण पाय गुंतून घोडा स्वारासह कोसळू शकतो. तेव्हा बसून राहावे, लगाम ओढ-सोड करत राहावा, आणि पुढे मोकळे वखरलेले रान मिळाले तर मोठ्या वर्तुळात वळवत वर्तुळ हळूहळू लहान करावे. एका लगामावर वळणे आधी उभ्या घोड्यावर, मग चालत्या घोड्यावर इतके घोटून घ्यावे, की खऱ्या प्रसंगी घोड्याला ते नवे वाटू नये.

पायात चप्पल नको. रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) पंजाच नीट मावेल, अख्खा पाय आरपार जाणार नाही, असा टाचेचा बूट हवा. पडून हाड मोडले तर ते जुळते, पण पाय रिकिबीत अडकून फरपटत गेलेल्या माणसाचे काही सांगता येत नाही. पडणे अटळ आहे असे वाटले, की सर्वांत आधी दोन्ही पाय रिकिबीतून काढावेत. पडताना हात जमिनीकडे ताठ करू नयेत. पांदणवाट भाऊंनी लिहिलेले मनगट असेच मोडले असणार. हनुवटी छातीशी, हात अंगाशी, लगाम सोडलेला, आणि पडल्यावर घोड्यापासून लांब लोळण. घोडा गेला तर जाऊ द्यावा. तो घरी पोचतो.

आणि रील काढण्यासाठी एका हातात मोबाईल धरून कोवळ्या घोड्यावर बसणाऱ्यांना मी शिकवत नाही. हे येथे लिहून ठेवते म्हणजे फोन येणार नाहीत.

परिचारिका (सेवाग्राम रस्ता)

हाडांच्या विभागात बरीच वर्षे काम केल्यामुळे माझे लिहिणे थोडे कडक वाटेल. मनगट, गळपट्टीचे हाड आणि बरगड्या हे पडण्याचे नेहमीचे प्रकार आहेत आणि त्यांतून माणूस बरा होतो. भीती डोक्याची आणि मणक्याची असते. पडलेला माणूस मान किंवा पाठ दुखते म्हणत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, किंवा तो बेशुद्ध होऊन शुद्धीवर आला असेल, तर त्याला बसते करू नये, खांद्यावर टाकून मोटारसायकलवर मध्ये बसवून आणू नये. जागेवर स्थिर ठेवून १०८ ला फोन करावा. पांदणीत गाडी येत नसेल तर डांबरी रस्त्यावर एक माणूस उभा करावा, म्हणजे शोधण्यात वेळ जात नाही.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाण्यासारखा स्राव, यांतील एकही गोष्ट दिसली तर सकाळची वाट पाहू नये. कधी कधी माणूस उठून बसतो, चहा पितो, हसतो, आणि काही तासांनी ढासळतो; म्हणून पहिली रात्र त्याला एकटे झोपू देऊ नये. पोटावर लाथ बसली असेल किंवा घोडा अंगावरून गेला असेल, तर बाहेर काही दिसत नसले तरी तपासणी करावी, कारण प्लीहा आणि यकृत आतून फाटू शकतात. सुजलेला सांधा चोळून घेण्यासाठी हाड बसवणाऱ्याकडे आधी नेण्याची जी पद्धत आहे, तिने साध्या मोडीचे अवघड मोडीत रूपांतर झालेले मी पाहिले आहे. घोड्याची लीद मिसळलेल्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, तेव्हा खरचटले एवढेच असले तरी इंजेक्शन केव्हा घेतले होते ते आठवावे.

हेल्मेट घोडेस्वारीचेच घ्यावे. ते मिळेपर्यंत मोटारसायकलचे चालवून घ्यावे. ते जड असते, बाजूचे दिसणे आणि मागचे ऐकणे कमी करते, पण उघड्या डोक्यापेक्षा कितीतरी बरे. जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये.

शिलेदार आर्वीचा

फेट्याचे काय? आमच्याकडे सगळे फेटा बांधूनच बसतात आणि त्याने डोके वाचते असे म्हातारे सांगतात.

परिचारिका (सेवाग्राम रस्ता)

फेटा शोभेला उत्तम. हेल्मेट हनुवटीखाली पट्ट्याने बांधलेले असते; फेटा माणूस खाली यायच्या आधीच दुसरीकडे गेलेला असतो.

शिलेदार आर्वीचा

मान्य. पण एक गोष्ट मी सोडणार नाही. पडल्यावर लगेच पुन्हा बसले पाहिजे, नाही तर घोड्याला कळते की पाडले की सुट्टी मिळते, आणि माणसाच्या मनात भीती घर करते.

चाबूकस्वाराचा नातू (अचलपूर)

यात अर्धे खरे आहे. घोड्याने कामातून सुटका झाली असे समजू नये, हे बरोबर. पण त्यासाठी वर बसण्याचीच गरज नाही. त्याला पकडून, शांत करून, त्याच जागेवरून हाताने दोन-तीनदा ने-आण केली तरी काम झाले. स्वाराला गरगरत असेल, पडतानाचे आठवत नसेल, तर त्या दिवशी त्याने बसायचे नाही. आमचे आजोबा अशा माणसाच्या हातून लगामच काढून घेत. भीतीसाठी म्हणाल तर दुसऱ्या दिवशी जाणत्या घोड्यावर बसावे. पाडणाऱ्या कोवळ्या घोड्यावर थरथरत पुन्हा बसलेला स्वार दुसऱ्यांदा पडतो, आणि मग दोघेही बिघडतात.

पूर्वीचे लोक दोन वर्षांच्या घोड्यावर खोगीर टाकत, असे आपण लिहिलेत. टाकत असतील, पण त्यांच्या पागेत पुढे घालायला दहा जाणते घोडे आणि दिवसभर तेच काम करणारे मोतद्दार होते. आपल्याकडे एक घोडा असतो आणि रविवार असतो.

बोरकाठ (ता. सेलू)

आम्ही बोर व्याघ्र प्रकल्पाला लागून राहतो, तेव्हा जंगलाकाठच्यांसाठी थोडे. वर सगळ्यांनी घोड्याचे बिचकणे घालवण्याविषयी लिहिले आहे, पण आमच्या भागात काही वेळा घोड्याचे बरोबर असते. पहाटे किंवा दिवस मावळताना नाल्याच्या झुडपाकडे तोंड करून घोडा खिळून उभा राहिला, नाकपुड्या फुलवून फुरफुरू लागला आणि रोजच्या वाटेवर पाऊल टाकेना, तर त्याला टाच मारू नये. सावकाश फिरवून मागे यावे. तिथे रोही (नीलगाय) असेल, डुक्कर असेल किंवा वाघ असेल. काय होते, हे पाहायला थांबण्याचे कारण नाही.

दुसरे, तारा. सौर झटका यंत्राची तार घोड्याला लागली तर तो जबर बिथरतो पण जगतो. मात्र काही ठिकाणी डुकरांसाठी चोरून थेट विजेच्या लाइनीवरून प्रवाह सोडलेल्या तारा असतात, आणि त्यांनी आपल्या भागात माणसे आणि वाघ दोन्ही मेले आहेत. अंधार पडल्यावर पांदण सोडून कोणाच्याही वावरातून घोडा घालू नये, आणि उधळलेला घोडा वळवतानाही कुंपण नसलेले, माहितीतले रानच निवडावे.

पांदणवाट (ता. काटोल)

सर्वांचे मनापासून आभार. शेजाऱ्यांनी यंदा आणलेल्या एका घोड्याचे तोंड काल आम्ही उघडून पाहिले. मधली जोडी पक्की आहे, बाकी सगळे दुधाचे. चार वर्षांचा म्हणून घेतलेले हे जनावर तीन वर्षांच्या आसपासचे आहे. त्यांनी खोगीर माळ्यावर टाकले आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत पायीच फिरवण्याचे कबूल केले. अडचण एवढीच आहे की आमच्या गावात पुढे घालायला जाणता घोडा एकही नाही. बैलबंडीच्या मागे बांधून नेले तर चालेल का?

चाबूकस्वाराचा नातू (अचलपूर)

बंडीच्या मागे न्यावा, पण बांधू नये. बांधलेला घोडा मागे हटला की मान आवळली जाते, तो जिवाच्या आकांताने ओढतो आणि मोरकी, मान किंवा बंडी यांपैकी काहीतरी मोडते. माणसाने बंडीच्या मागून पायी चालावे, घोडा उजव्या हाताला आणि थोडा मागे. बैल शांत असावेत. शंकरपटाची (बैलांच्या शर्यतीची) जोडी या कामाला नको. घोडा बैलांना ओळखू लागला की बंडी पुढे, मग बरोबरीने, आणि काही आठवड्यांनी बंडी मागे ठेवून घोडा पुढे, असा क्रम ठेवावा. गावात कोणी रोज बंडी घेऊन वावरात जात असेल तर त्याच्याच वेळेला निघावे, म्हणजे वेगळी जुळवाजुळव करावी लागत नाही.

पांदणवाट (ता. काटोल)

दोर किती लांब असावा? त्यांच्याकडे नायलॉनचा आहे.

चाबूकस्वाराचा नातू (अचलपूर)

नायलॉनचा नको, घोड्याने झटका दिला की तळहाताची साल निघते. सुताचा, अंगठ्याएवढा जाड, सात-आठ हात लांब घ्यावा. उरलेला दोर हाताभोवती किंवा मनगटाभोवती गुंडाळू नये. घड्या घालून त्या मुठीत धराव्यात, म्हणजे सोडायची वेळ आली तर नुसती मूठ उघडून सुटतो.

पांदणवाट (ता. काटोल)

सुताचा दोर उद्याच्या काटोलच्या फेरीत आणतो. बंडीवाले सकाळी आठला निघतात, त्यांच्याशी बोलणे झाले आहे.